हवेंतील धूळ आणि आपला पाऊस

मार्गशीर्ष-पौषांतील एखाद्या सकाळीं कल्याणच्या उंच गच्चीवर उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें, तर मलंगगडाचा डोंगर पुष्कळदां दिसतच नाहीं. तो जेथें असावयास पाहिजे तेथें राखी रंगाचा एक पडदा लोंबत असतो, आणि ऊन वर आलें तरी तो लवकर हटत नाहीं. उलट, आषाढांत दोन-तीन दिवस पाऊस कोसळून मध्येंच उघडीप मिळाली, कीं तोच डोंगर हाकेच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. त्याच्या कड्यावरील घळीसुद्धां मोजून घ्याव्या इतक्या स्पष्ट होतात. डोंगर तर जागचा हललेला नसतो. फरक पडतो तो मधल्या हवेंत.

ह्या मधल्या हवेंत काय तरंगत असतें आणि त्या तरंगणाऱ्या पदार्थांचा आपल्या उन्हाशीं व पावसाशीं काय संबंध पोहोंचतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. धुराची गोष्ट निघाली कीं सुशिक्षित कुटुंबांतून खोकला, दमा व डोळ्यांची जळजळ यांची चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. परंतु ह्याच धुरानें गेल्या सत्तर वर्षांत भारताच्या पावसाळ्यावरहि आपला ठसा उमटविला आहे, आणि हवा स्वच्छ करूं गेल्यास पृथ्वीचा उष्मा वाढेल कीं काय, असा एक चमत्कारिक पेंच त्यांतून उत्पन्न झाला आहे. हें प्रकरण पायरीपायरीनें पाहणें बरें.

प्रथम ह्या कणांची ओळख. बंद खोलींत फटींतून उन्हाची तिरीप आंत आली, म्हणजे तिच्यांत नाचणारे कण दिसतात व हवा वाटते तितकी रिकामी नाहीं हें कळतें. पण तिरिपेंत दिसणारे कण म्हणजे ह्या जातींतील राक्षसच होत. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारें ७० मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या साधारण चौदाव्या हिश्शाइतकी धरली, तर अडीच मायक्रोमीटर व्यासाचे अठ्ठावीस कण त्या जाडींत ओळीनें बसतील. ह्या मापाचे आणि ह्याहून लहान कण फुप्फुसांत खोलवर शिरतात. आपल्या देशांत त्यांचें वर्षाचें सरासरी प्रमाण एका घनमीटर हवेंत ४० मायक्रोग्रॅमच्या आंत असावें असा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें हीच मर्यादा ५ वर आणली आहे.

हे कण येतात कोठून? कांहीं निसर्गाचेच आहेत. समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हां मिठाचे कण उडतात व पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर खाडी ओलांडून आंत येतात; उन्हाळ्यांत अरबस्तानाकडील वाळवंटांची धूळ समुद्रावरून इकडे पोहोंचते. बाकीचे मनुष्यकृत होत. लांकूड, गोंवऱ्या, कोळसा, डिझेल किंवा कचरा अर्धवट जळला, कीं काजळी निघते. कोळशांत व तेलांत गंधक असतो. तो जळून त्याचा वायु होतो, आणि हा वायु हवेंतील बाष्पाशीं व इतर द्रव्यांशीं संयोग पावून सल्फेटाचे अतिसूक्ष्म कण बनतात. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशीं जो धूर दिसतो तोच सर्व धूर नव्हे. पुष्कळसा धूर मागाहून, शेंकडो मैल दूर गेल्यावर तयार होतो.

कल्याणच्या इतिहासांतच ह्या गोष्टीचा एक चांगला दाखला सांपडतो. १८५३ मध्यें मुंबईहून ठाण्यापर्यंत धांवलेली आगगाडी १८५४ मध्यें कल्याणास आली, आणि पुढें येथूनच एक फांटा भोर घाटाकडे व दुसरा थळ घाटाकडे गेला. कोळशाच्या इंजिनांची ये-जा एवढी वाढल्यावर आसमंतांत काजळी पसरणें ओघानेंच आलें. नंतर घाट चढण्यासाठीं व उपनगरांतील वाहतुकीसाठीं वीज वापरण्याचें ठरलें, आणि १९२९ च्या सुमारास कल्याणच्या अलीकडे ठाकुर्लीस चोळा येथें रेल्वेनें स्वतःचें वीजकेंद्र उभारलें. गाडीच्या डोक्यावरचा धूर नाहींसा झाला. परंतु तें केंद्र कोळशावरच चालत असल्यामुळें तोच धूर एका जागीं उंच धुराड्यांतून निघूं लागला. प्रवाशाचे कपडे स्वच्छ राहिले, आकाश मात्र होतें तसेंच राहिलें. पुढें हें केंद्र बंद झालें, आणि आतां गाड्यांची वीज दूरदूरच्या केंद्रांतून येते. त्यांपैकीं जीं कोळशावर चालतात, त्यांचा धूर कल्याणास दिसत नाहीं इतकेंच.

डोंबिवलीची गोष्टहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. जानेवारी २०१४ मध्यें तेथें हिरवट पाऊस पडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून आल्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें औद्योगिक विभागांतील एक रस्ता गुलाबी झालेला लोकांनीं पाहिला. रंग दिसला म्हणून गवगवा झाला. परंतु हवामानाच्या दृष्टीनें ज्यांचें महत्त्व सर्वांत मोठें, ते सल्फेटाचे कण रंगहीन असतात. त्यांची बातमी होत नाहीं.

आतां ह्या कणांच्या कामाकडे वळूं. उन्हांत एका दोरीवर पांढरें धोतर व काळी छत्री टाकून घटकाभरानें हात लावून पाहिला, तर धोतर कोमट व छत्री चांगलीच तापलेली आढळते. हवेंतील कणांतहि असेच दोन स्वभाव आहेत. सल्फेटाचे कण धोतरासारखे. ते सूर्याचा प्रकाश परतवून लावतात, त्यामुळें खालील जमीन थंड राहते. काजळी छत्रीसारखी, ती प्रकाश शोषून घेते, स्वतः तापते व भोंवतालची हवा तापविते, पण तिच्या खालच्या जमिनीवर सांवलीच पडते. तेव्हां दोन्ही प्रकारांत जमिनीवरचें ऊन घटतें. भेद इतकाच, कीं पहिल्यांत ती उष्णता आकाशांत परत जाते व दुसऱ्यांत ती वरच्या हवेंत अडकून राहते.

पांढऱ्या कणांचें सामर्थ्य किती असतें याचा प्रयोग निसर्गानेंच एकदां करून दाखविला. जून १९९१ मध्यें फिलिपाईन्स बेटांतील पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि गंधकाचा सुमारें दीड-दोन कोटि टन वायु पर्जन्यमेघांच्याहि वरच्या थरांत फेंकला गेला. तेथें पावसानें धुऊन निघण्याची सोय नसल्यानें त्याचे कण दोन-तीन वर्षें टिकले, आणि साऱ्या पृथ्वीचें उष्णतामान कांहीं काळ सुमारें अर्ध्या अंशानें उतरलें.

कणांचें दुसरें काम याहून नाजूक आहे. स्कॉटलंडमधील जॉन एटकिन नांवाच्या संशोधकानें १८८० च्या सुमारास दोन कांचपात्रें घेतलीं. एकांत खोलींतील साधी हवा भरली, दुसऱ्यांत कापसांतून गाळलेली. दोहोंत वाफ सोडली. साध्या हवेच्या पात्रांत दाट धुकें झालें; गाळलेल्या हवेचें पात्र स्वच्छच राहिलें. ह्यावरून असें सिद्ध झालें, कीं बाष्पाला थेंबाचें रूप घेण्यासाठीं बसावयास कांहीं तरी पाट लागतो, आणि तो पाट म्हणजे धुळीचा कण. धूळ मुळींच नसती, तर आपण पाहतों तसे ढगहि नसते.

मग कण वाढले म्हणजे पाऊस वाढला पाहिजे, असें कोणासहि वाटेल. येथेंच गंमत आहे. परातींत लाडवांचें सारण तेवढेंच असून पंगतीला माणसें दसपट आलीं, तर लाडू सुपारीएवढे वळावे लागतात. ढगांतील पाणी तेवढेंच असून कण अनेक पटींनीं वाढले, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला थोडें पाणी येतें आणि थेंब फारच बारीक होतात. साधारण दहा लाख मेघबिंदु एकत्र आले म्हणजे पावसाचा एक थेंब होतो; बिंदु बारीक व सारख्याच मापाचे असले, कीं ते एकमेकांवर आदळत नाहींत व पाऊस लवकर जुळत नाहीं. शिवाय असा ढग अधिक पांढरा दिसतो. खडीसाखरेचा खडा अर्धपारदर्शक असतो, पण ती कुटून पीठ केली म्हणजे शुभ्र दिसते, त्यांतलाच हा प्रकार. अधिक पांढरा ढग अधिक ऊन परतवतो. ही उपपत्ति ट्वोमी ह्या शास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत मांडली, आणि समुद्रावरील ढगांत जहाजांच्या मार्गावर उमटलेल्या पांढऱ्या रेघा उपग्रहांच्या छायाचित्रांत पाहून तिची खात्री पटते.

हें सारें आपल्या देशांत मोजलें कोणीं? त्याची पायाभरणी पुण्यास झाली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत हवामान खात्यांतील अन्ना मणि ह्या विदुषीनें सूर्यप्रकाश मोजणाऱ्या यंत्रांचीं केंद्रें देशभर उभीं केलीं. त्या वेळीं धुराचा शोध घेण्याचा हेतु नव्हता. सूर्याची उष्णता किती मिळते एवढेंच पाहावयाचें होतें. परंतु प्रामाणिकपणें ठेवलेली नोंदवही पुढें अनपेक्षित ठिकाणीं उपयोगी पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं १९८१ ते २००४ ह्या काळांतील बारा केंद्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां जमिनीवर पोहोंचणारें ऊन दरवर्षीं चौरस मीटरमागें सुमारें ०.८६ वॅटनें घटत असल्याचें त्यांना आढळलें. मध्यंतरीं, १९९९ च्या आरंभीं, हिंदी महासागरावर अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं विमानें व जहाजें घेऊन मोठी मोहीम केली. वीरभद्रन् रामनाथन् व नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुट्झेन हे तिचे अध्वर्यु होते. भारतीय उपखंडावरून हिंवाळी वाऱ्याबरोबर समुद्रावर गेलेला, सुमारें तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी धुराचा थर त्यांना दिसून आला.

आतां पावसाळ्याचा प्रश्न. नैर्ऋत्य मोसमी वारे कां वाहतात, हें शाळेंतील प्रत्येक मुलास सांगितलें जातें: उन्हाळ्यांत जमीन समुद्रापेक्षां अधिक तापते, तेथील हवा वर जाते आणि समुद्रावरील ओलसर हवा ती जागा भरून काढण्यास धांवते. जमिनीवर सांवली धरली, तर हा तापमानांतील फरक कमी होतो. उत्तर हिंदी महासागरावरहि तीच सांवली पडत असल्यानें पाणी कमी तापतें व वाफ कमी उठते. ओढणारा हात आणि पुरवणारा हात, दोन्ही मंदावतात. पुण्याच्या त्याच संस्थेच्या पुढाकारानें २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारताच्या हवामानबदलाविषयींच्या अहवालांत १९५१ ते २०१५ ह्या काळांत मोसमी पाऊस सुमारें ६ टक्क्यांनीं घटल्याचें नमूद आहे. ही घट गंगेच्या मैदानांत व पश्चिम घाटांत विशेष जाणवते, आणि तिच्या कारणांत मनुष्यकृत धुराच्या कणांना मोठें स्थान दिलें आहे. काजळीनें तापलेली हवा कांहीं ठिकाणीं उलट पाऊस ओढून आणते, असेंहि मत कांहीं शास्त्रज्ञ मांडतात; त्या बाबतींतला वाद मिटलेला नाहीं.

पश्चिम घाटाचें नांव ऐकून कल्याणकरांनीं कान टवकारावेत. ज्या उल्हास नदीचें पाणी त्यांच्या नळांना येतें, ती ह्याच सह्याद्रींत उगम पावते. शिवाय सरासरी घटली म्हणून मुसळधार पाऊस कमी झाला असें नाहीं. त्याच अहवालाप्रमाणें मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ ह्या अवधींत सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले. कारण उष्ण हवेंत बाष्प अधिक मावतें, आणि तें रितें होतें तेव्हां एकदम होतें. जुलै २०१९ मध्यें उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली व हजारावर प्रवाशांना होड्यांतून सोडवावें लागलें, हें पुष्कळांना आठवत असेल. एखाद्या एका पुरावरून सिद्धान्त काढूं नये; परंतु बारीक रिपरिप कमी आणि धबधबा अधिक, ही पावसाची बदललेली रीत काय करूं शकते, याची त्यावरून कल्पना येते.

धुराचा नकाशा जगांत सारखा बदलत असतो. लंडनमध्यें डिसेंबर १९५२ च्या दाट धुक्यानें हजारों माणसें दगावलीं, आणि १९५६ मध्यें तेथें हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. अमेरिकेनें १९७० मध्यें असाच कडक कायदा केला. १९८० नंतर युरोप-अमेरिकेचें आकाश हळूहळू निवळलें व धुराचा मध्यबिंदु आशियाकडे सरकला. चीननें २०१३ पासून कंबर कसून गंधकाचा धूर झपाट्यानें कमी केला. भारतांत तो वाढत गेला. १ जानेवारी २०२० पासून जगांतील जहाजांच्या तेलांतील गंधकाची कमाल मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. म्हणजे एकीकडे सांवली ओसरत आहे, तर दुसरीकडे ती दाट झाली आहे. आणि वारे व पाऊस तर एका देशाच्या सीमा ओळखत नाहींत.

येथें तो पेंच पुढें येतो. कार्बन-डाय-ऑक्साइड वगैरे वायूंनीं पृथ्वीला पांघरूण घातलें आहे, तर धुराच्या कणांनीं तिच्यावर छत्री धरली आहे. २०२१ मधील आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणें पांघरुणानें पृथ्वी १ ते २ अंशांपर्यंत तापली असती. धुराच्या छत्रीनें त्यांतील शून्य ते ०.८ अंश झांकून धरला. भारताचें उष्णतामान १९०१ ते २०१८ ह्या काळांत सुमारें ०.७ अंशानें, म्हणजे जगाच्या सरासरीहून कमी वाढलें, त्यांतहि ह्या छत्रीचा वांटा असल्याचें सांगतात. तेव्हां छत्री मिटली कीं दडलेला उष्मा उघडा पडणार. ह्यावरून कोणी असा युक्तिवाद करितात, कीं धूर आहे तो बरा आहे, राहूं द्यावा.

हा युक्तिवाद टिकण्यासारखा नाहीं. तापकऱ्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली म्हणजे ताप उतरल्यासारखा वाटतो. पण पट्टी गढूळ पाण्यांत भिजविलेली असेल आणि औषधच दिलें नसेल, तर त्या शुश्रूषेला काय म्हणावें? खालच्या हवेंतील कण आठवड्या-दीड आठवड्यांत पावसानें धुऊन जातात, म्हणून पट्टी सतत भिजवीत राहावी लागते. उलट कार्बन-डाय-ऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकें टिकतो, म्हणजे ताप सांठतच जातो. छत्री धरावयाची तर ती दरवर्षीं मोठी करावी लागेल, आणि तिची किंमत लहान मुलांच्या फुप्फुसांनीं व खंडित झालेल्या पावसानें भरावी लागेल.

खरा मार्ग दोहोंना एकदम हात घालण्याचा आहे. काजळीच्या बाबतींत तर पेंचच नाहीं. ती उष्णताहि वाढविते आणि आरोग्यहि बिघडविते, म्हणून तिला आधीं आवरावें. चुलीऐवजीं गॅस किंवा वीज, जुन्या डिझेल गाड्यांची गच्छंती, कचरा जाळण्यास बंदी, हे उपाय दोन्हीकडे लाभाचेच आहेत. कल्याणच्या आधारवाडीच्या कचऱ्याच्या ढिगाला वर्षानुवर्षें आगी लागत असत. त्या धुरांत कोणाचेंहि हित नव्हतें. गंधकाचा धूर काढतांना मात्र कोळशाचें जळणहि कमी केलें पाहिजे, म्हणजे छत्रीबरोबर पांघरूणहि विरळ होत जाईल. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत वाहनांच्या तेलांतील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणला गेला, ही चांगली गोष्ट झाली. कोळशाच्या वीजकेंद्रांनीं धुरांतील गंधक काढून घ्यावा असा नियम डिसेंबर २०१५ मध्यें झाला; त्याच्या मुदती पुनःपुन्हां वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्यें बहुसंख्य केंद्रांना त्या अटींतून सूट मिळाली. चोळ्याच्या धुराड्यानें शिकविलेला धडा येथें आठवावा: धूर डोळ्यांआड गेला म्हणून संपत नाहीं.

२५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी झाली, आणि थोड्याच दिवसांत उत्तर भारतावरील कणांचें प्रमाण गेल्या वीस वर्षांतील नीचांकाला गेल्याचें उपग्रहांनीं टिपलें. इतक्या त्वरेनें हवा निवळते, ही त्यांतली आशेची बाजू आहे. तशी टाळेबंदी कोणासहि पुन्हां नको आहे. पण उद्योगधंदे चालू असतां हवा त्या दिशेनें नेतां येते, हें ज्या शहरांनीं दाखविलें त्यांचीं नांवें वर आलींच आहेत. पौषांतल्या सकाळीं कल्याणच्या गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या गृहिणीला ऊन कसें आहे हें यंत्रावांचून कळतें. त्या वेळीं तिनें मुलांना जवळ बोलावून दक्षिणेकडे बोट दाखवावें व मलंगगड दिसतो कीं नाहीं, एवढें रोज एका वहींत लिहून ठेवावयास सांगावें. कांहीं वर्षांनीं ती वही उघडली, म्हणजे आपण कोणत्या दिशेनें चाललों आहों याचें उत्तर तिच्यांत लिहिलेलें सांपडेल.